खिडकीतला कूलर आणि उघड्या पाठीचा हेडफोन

मी नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि गेली अकरा वर्षे ख्यालगायन शिकते आहे. त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये माझे पती, दहावीतला मुलगा, सासूबाई आणि मी असे चौघे राहतो. गाणे ऐकायची माझी वेळ रात्री ओटा आवरल्यानंतरची. त्या वेळी घरात कोणी अभ्यास करत असते, कोणी झोपलेले असते आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे तान्हे बाळ असते. स्पीकरचा विचार मी म्हणूनच कधी केला नाही. कान पूर्ण झाकणारा, बंद पाठीचा एक हेडफोन सहा-सात वर्षे वापरला. त्यात स्वर स्वच्छ ऐकू येत असत, पण अर्ध्या-पाऊण तासात कान तापत, आणि गायक डोक्याच्या आत बसून गातो आहे या सततच्या जाणिवेने विलंबित ख्याल संपायच्या आतच शीण येई. सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा एक हप्ता हाती आला, तेव्हा मी ठरवले की या पैशांतून ऐकण्याचे एक उत्तम साधन घ्यायचे आणि घाई करायची नाही.

बंद पाठीच्या हेडफोनात ड्रायव्हरच्या, म्हणजे पडदा हलवून ध्वनी निर्माण करणाऱ्या भागाच्या, मागे प्लास्टिकची किंवा लाकडाची डबी असते. पडदा कंप पावतो तेव्हा जेवढा ध्वनी कानाकडे जातो, तेवढाच मागेही फेकला जातो. मागचा ध्वनी डबीच्या भिंतीवर आपटून परततो आणि त्याच पातळ पडद्यातून थोड्या उशिरा पुन्हा कानात शिरतो. डबीत फोम किंवा लोकर भरून तो शोषून घेण्याचा प्रयत्न करतात, पण तो पूर्णपणे जात नाही. ओपन-बॅक हेडफोनात ही डबीच नसते, मागे केवळ जाळी असते. पाठीमागचा ध्वनी खोलीत निघून जातो आणि परत येत नाही, त्यामुळे आवाज कोंडल्यासारखा वाटत नाही. याची किंमत अशी, की तुमचे गाणे खोलीला ऐकू येते आणि खोलीतला प्रत्येक आवाज तुम्हाला ऐकू येतो. जर्मनीतल्या झेनहायझर कंपनीने १९६८ साली एचडी ४१४ हा पहिला ओपन हेडफोन बाजारात आणला, तेव्हापासून ही देवघेव बदललेली नाही. मला हे पुस्तकी पातळीवर ठाऊक होते. माझ्या घरात त्याचा नेमका अर्थ काय होणार आहे, हे मात्र मला विकत घेतल्यानंतर कळले.

पहिल्यांदा मी सीताबर्डीत चौकशी केली. दोन दुकानांत काचेआड बरेच हेडफोन मांडलेले होते, पण ते सगळे बंद पाठीचे किंवा ब्लूटूथचे होते. तिसऱ्या दुकानदाराने अत्यंत प्रामाणिकपणे सांगितले, "मॅडम, तुम्ही म्हणता तो मागवून देतो, पण डब्बा उघडला की माल परत जात नाही. ऐकून घ्यायचा असेल तर मुंबईलाच जावं लागेल." न ऐकता एवढी रक्कम घालण्याची माझी तयारी नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये एका शुक्रवारी रात्री दुरांतोने निघाले आणि शनिवारी दुपारी अंधेरीतल्या एका दुकानात पोहोचले. तिथे आधी वेळ ठरवून दोन तास शांत खोलीत बसू देतात.

सोबत मी तीन ध्वनिमुद्रणे नेली होती. एक आमच्या गुरूंच्या घरी शिकवणीच्या वेळी घेतलेले, ज्यात कोणताही ध्वनिवर्धक नाही; दुसरे एका छोट्या बैठकीचे स्टिरिओ मुद्रण; आणि तिसरे सासऱ्यांनी आकाशवाणीवरून कॅसेटवर उतरवून घेतलेले नाट्यपद. पहिले मुद्रण माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे होते. सिव्हिल लाइन्समधल्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात मी अनेक मैफिली ऐकल्या आहेत, पण तिथे कानावर येतो तो मायक्रोफोन आणि स्पीकर यांतून गेलेला आवाज. त्याच्याशी तुलना करून हेडफोनाचा खरेखोटेपणा ठरत नाही. गुरूंच्या बैठकीच्या खोलीत तानपुऱ्यापासून हातभर अंतरावर बसून जे ऐकते, तो आवाज मात्र माझ्या कानात पक्का बसलेला आहे.

दुकानातल्या मुलाला मी एकच विनंती केली की प्रत्येक हेडफोनाची पातळी सारखी करून द्या. दोन साधनांपैकी थोडे मोठ्याने वाजणारे साधन कानाला नेहमी अधिक चांगले वाटते, हा श्रवणाचा धर्मच आहे आणि त्यामुळे भलीभली माणसे फसतात. त्याने एक अखंड सूर वाजवून, छोट्या मापकाने मोजून, तिन्ही हेडफोन जवळजवळ एका पातळीवर आणले.

पहिला झेनहायझरचा एचडी ६०० होता. १९९७ पासून बाजारात असलेला हा हेडफोन मानवी आवाजासाठी नावाजलेला आहे आणि ते नाव सार्थ आहे. गुरूंचा आवाज इतका जवळचा आणि इतका ओळखीचा वाटला की मी क्षणभर मान वळवली. दुसरा प्लेनर जातीचा होता. त्यात नेहमीसारखा कॉइल जोडलेला पडदा नसतो. पातळ फिल्मवर वाहकाच्या रेषा छापलेल्या असतात आणि ती फिल्म चुंबकांच्या रांगांमध्ये सबंध हलते. त्यात डग्ग्याची घुमक अगदी तळापर्यंत भरीव ऐकू आली. मात्र वजन साडेचारशे ग्रॅमच्या पुढे होते आणि वीस मिनिटांत माझी मान बोलू लागली. तिसरा झेनहायझरचाच एचडी ८०० एस. मूळ एचडी ८०० हे मॉडेल २००९ मधले आणि ही सुधारित आवृत्ती २०१६ मधली. यात ५६ मिलिमीटरचा, मधोमध मोकळा असलेला वलयाकार ड्रायव्हर आहे. तो कानाला चिकटून समांतर बसत नाही, थोडा पुढे आणि तिरका बसतो. वजन ३३० ग्रॅम आहे, आणि गाद्या इतक्या मोठ्या आहेत की कानाच्या पाळीला कुठेच स्पर्श होत नाही.

स्वराच्या जिव्हाळ्याचाच निकष लावला असता, तर मी एचडी ६०० घेऊन परतले असते आणि पैशांचा मोठा भाग वाचला असता. पण बैठकीचे मुद्रण एचडी ८०० एसवर लावले, तेव्हा गायिकेच्या मागे दोन तानपुरे आहेत, एक उजव्या खांद्यामागे आणि एक डाव्या, हे मला त्या मुद्रणाच्या आठ वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा जाणवले. आणखी दोन मिनिटांनी लक्षात आले की डावीकडच्या तानपुऱ्याची पंचमाची तार किंचित उतरलेली आहे. ज्याला नुसते ऐकायचे आहे, त्याला या गोष्टीचा उपयोग नसेल. मला शिकायचे आहे. तानपुऱ्यात आपला स्वर कुठे मिळतो आणि कुठे सुटतो, हे कळण्यासाठी तानपुरा गळ्यापासून वेगळा ऐकू यावा लागतो, आणि तो या हेडफोनावर वेगळा ऐकू आला. डग्ग्याचा दाब प्लेनरइतका नव्हता. ओपन पाठीच्या बहुतेक डायनॅमिक, म्हणजे पडदा आणि कॉइल असलेल्या, हेडफोनांत अगदी खालचे स्वर थोडे हलके होतातच. ते मी जाणूनबुजून स्वीकारले.

खरेदीत मात्र माझी चूक झाली. दुकानात सांगितलेल्या किमतीपेक्षा अकरा हजार रुपयांनी कमी दर मला दुसऱ्या एका विक्रेत्याकडे दिसला आणि मी मोहात पडले. खोके नागपूरला आले तेव्हा बाहेरचा टेप नवा होता, पण आतल्या पेटीचे सील कापलेले होते. गाद्यांच्या आतल्या कडेला चेहऱ्याच्या तेलाची पुसट चमक होती आणि डाव्या पिनेजवळ ओरखडा होता. दुकानात लोकांना ऐकवण्यासाठी ठेवलेला नग नवा म्हणून पाठवला होता, हे उघड होते. पेटी उघडताना पतींनी फोनवर सलग चित्रण केले होते, त्यामुळे वाद घालता आला. तरी रक्कम परत मिळायला एकोणीस दिवस लागले. मग मी निमूटपणे अंधेरीच्या त्याच दुकानातून पूर्ण किमतीत हेडफोन मागवला. अठरा टक्के जीएसटी धरून दीड लाखाच्या आसपास बिल झाले. बिलावर अनुक्रमांक लिहून घेतला, तो हेडफोनावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला आणि मगच पेटी आत नेली. एवढ्या मोलाची वस्तू मी याआधी केवळ दागिन्याच्या दुकानातून आणली होती.

यानंतरचे काम वाजवण्याच्या साधनाचे होते. या हेडफोनाचा इम्पीडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, ३०० ओहम आहे. साध्या भाषेत सांगायचे तर त्याला विद्युतप्रवाह थोडा लागतो, पण व्होल्टेज भरपूर लागते. फोनला लावायची छोटी वायर-डॅक, म्हणजे फोनमधल्या आकड्यांचे विद्युतसंकेतात रूपांतर करणारे जोडसाधन, साधारण एक व्होल्ट देते. त्यातून ३०० ओहमला तीन-साडेतीन मिलिवॉट मिळतात. चित्रपटगीते त्यावर सहज वाजतात, कारण ती मुळातच मोठ्या पातळीवर मुद्रित केलेली असतात. शास्त्रीय मुद्रणात आलापाची पातळी खूप खाली असते आणि तबल्याची थाप एकदम वर जाते, म्हणून आलाप पुरेसा ऐकू येण्याइतका आवाज वाढवायला जागाच उरत नव्हती. चार व्होल्ट देणारा अ‍ॅम्प्लिफायर घेतला की बारा डेसिबलची मोकळीक मिळते. दहा डेसिबलने आवाज कानाला दुप्पट वाटतो, हे लक्षात घेतले तर ही मोकळीक किती आहे याचा अंदाज येईल. त्याआधी मी सासऱ्यांच्या जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरच्या सॉकेटमध्येही हेडफोन लावून पाहिला. आवाज मुबलक आला, पण डग्गा सुजल्यासारखा वाटला. अशा जुन्या यंत्रांत हेडफोनच्या सॉकेटआधी मोठा रोधक टाकलेला असतो. हेडफोनाचा इम्पीडन्स १०० हर्ट्झच्या आसपास जवळजवळ दुप्पट होतो, त्यामुळे रोधकाच्या पलीकडे नेमक्या त्याच पट्ट्यात जास्त व्होल्टेज पोहोचते. शेवटी वीस हजारांच्या आतला, डॅक आणि अ‍ॅम्प एकत्र असलेला एक डबा घेतला. याहून महाग डबे पुष्कळ आहेत. त्यांच्यावर खर्च करण्यापेक्षा तानपुऱ्याच्या जवारीचे, म्हणजे तारांना झंकार देणाऱ्या घोडीचे, काम करून घ्यावे, असे मला वाटते आणि मी तेच केले.

पहिल्या आठवड्यात एक गोष्ट घडली, जी मी वर्गात आजही उदाहरण म्हणून सांगते. गुरूंच्या घरचे मुद्रण लावले, तर तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा षड्ज, लहरत होता. सेकंदाला साधारण चार वेळा तो फुगत होता आणि ओसरत होता. जुन्या हेडफोनावर हे कधी जाणवले नव्हते. आधी वाटले, त्या दिवशी तानपुरा नीट लागलाच नसावा, आणि गुरूंच्या तानपुऱ्याविषयी असे मनात आल्याचे वाईटही वाटले. मग मी मुद्रण थांबवले. पूर्ण शांततेत, अगदी खाली, एक बारीक घरघर ऐकू येत होती. फोनवरच्या स्पेक्ट्रमच्या अ‍ॅपमध्ये पाहिले तेव्हा ५० हर्ट्झच्या पटीतल्या रेषा दिसल्या आणि १०० हर्ट्झची रेषा सर्वांत उंच होती. आमची पट्टी हार्मोनियमवरची काळी चार. त्या पट्टीच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे १०४ हर्ट्झला बोलते. १०४ आणि १०० यांतला फरक चार, म्हणून सेकंदाला चार विस्पंद, म्हणजे दोन जवळचे सूर मिसळल्याने होणारे आवाजाचे चढउतार. वीस वर्षे फळ्यावर जे समीकरण मी लिहीत आले, ते माझ्या कानाशी वाजत होते.

लॅपटॉपचा चार्जर काढला आणि घरघर थांबली. पुन्हा लावला, पुन्हा सुरू झाली. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लागला की अधूनमधून बारीक झिणझिण्या येतात, याकडे आम्ही दोन वर्षे दुर्लक्ष केले होते. आता त्या झिणझिण्यांचा आणि या घरघरीचा संबंध उलगडला. इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्याने बोर्ड उघडून दाखवले आणि म्हणाला, "ताई, सॉकेट तीन पिनांचा आहे, पण अर्थिंगची तार जोडलेलीच नाही. कापून आत सारून ठेवली आहे." चार्जरमधून गळणारा अल्पसा प्रवाह त्या सॉकेटमध्ये जमिनीची वाट सापडत नसल्याने यूएसबीच्या तारेवरून अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगकडे जात होता. त्याने तार जोडली, मी दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर आणली आणि खर्ज स्थिर झाला. घरातल्या सगळ्यांच्या जिवाशी निगडित असलेला हा दोष आम्हाला तानपुऱ्याने दाखवला, याचे मला फार अप्रूप वाटते. नंतर मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाजवळचा आणि स्वयंपाकघरातला सॉकेटही तपासून घेतला.

ओपन पाठ म्हणजे नेमके काय, हे घरातल्या माणसांना पहिल्याच रात्री कळले. साडेअकरा वाजले होते, मी हॉलमध्ये दिवा मालवून बसले होते. आतल्या खोलीतून आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाहेर आल्या आणि दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, एवढ्या रात्री तानपुरा कोण लावून राहिलं?" त्यांना श्रवणयंत्र आहे आणि झोपेपर्यंत त्या ते काढत नाहीत. तरी त्यांना पाच-सहा पावलांवरून ऐकू गेले, यावरून जाळीतून किती आवाज बाहेर पडतो ते समजावे. मुलाने दुसऱ्या दिवशी सांगितले की त्याला तानेतला शब्द ओळखू आला नाही, पण लय कळत होती आणि ती कळत राहिल्यामुळे गणितावर लक्ष लागेना. त्यानंतर ठरले, की त्याचा अभ्यास चालू असेल तेव्हा मी आतल्या खोलीत दार लावून बसायचे. घरात कोणाला त्रास होणार नाही म्हणून जे साधन घेतले, त्याच्यासाठी घरातल्या माणसांशी असे बोलून घ्यावे लागले.

आईंना तो ऐकून पाहायची इच्छा होती. त्यांचे यंत्र कानामागे बसणारे आहे. माझा जुना बंद हेडफोन त्यांनी लावला की यंत्र शिट्टी मारत असे, कारण यंत्रातून निघालेला आवाज बंद डबीत कोंडून पुन्हा त्याच्याच मायक्रोफोनमध्ये शिरतो. या हेडफोनाची गादी मोठी असल्याने यंत्रासकट सबंध कान आत सामावला, पाठ उघडी असल्याने शिट्टी वाजली नाही. मी सासऱ्यांचे नाट्यपदाचे मुद्रण लावले. त्या दोन्ही हातांनी हेडफोन धरून ऐकत राहिल्या. पद संपल्यावर त्यांनी तक्रार केली की गाणे छान आहे, पण मागचा तानपुरा पाण्यातून आल्यासारखा थरथरतो. मला तसे मुळीच ऐकू येत नव्हते. पुढच्या वेळी ऑडिओलॉजिस्टकडे गेलो तेव्हा मी हे आवर्जून विचारले. शिट्टी ओळखून दाबण्याची जी व्यवस्था यंत्रात असते, ती तानपुरा, बासरी यांसारख्या अखंड सुरांनाही शिट्टी समजून दाबू पाहते आणि त्यामुळे सूर थरथरतो, असे त्यांनी सांगितले, आणि यंत्रात गाण्यासाठी एक वेगळा प्रोग्राम घालून दिला, ज्यात ही व्यवस्था सौम्य ठेवली आहे. आता दर रविवारी दुपारी जेवण झाले की हेडफोन आईंकडे असतो. त्या वेळी मी तो मागत नाही.

एप्रिल उजाडला आणि खिडकीत कूलर बसला. नागपूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि रात्रीही भिंती गरम असतात. लोखंडी स्टँडवर खिडकीला लावलेला मोठा कूलर हे बहुतेक घरांचे जगण्याचे साधन आहे. त्याचा पंखा, पाण्याची मोटर आणि ताट्यांवरून गळणारे पाणी यांचा मिळून जो आवाज होतो, तो आम्हाला एरवी ऐकूही येत नाही, उलट तो बंद झाला की जाग येते. पण हेडफोनाच्या जाळीतून तो सबंध आत आला. फोनवरच्या मापकात कूलर चालू असताना साठच्या पुढे आकडा दिसे, बंद असताना पस्तिशीच्या आत. आलाप, तानपुऱ्याची आस, सारंगीचा पुसट होत जाणारा सूर, सगळे त्या वाऱ्यात बुडाले. जवळपास पंचवीस डेसिबलची शांतता मी गमावली होती आणि दीड लाखाचा हेडफोन त्यावर काहीही करू शकत नव्हता.

मग मी नकळत आवाज वाढवू लागले. चौथ्या-पाचव्या रात्री ऐकणे संपवून उठले, तेव्हा कानात बारीक सूं-सूं होत होते. मी घाबरले. कूलरच्या वर आलाप आणायचा तर त्याच मुद्रणातली तबल्याची थाप नव्वदीच्या पुढे जात असणार, हे गणित मला आधीच सुचायला हवे होते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी घालून दिलेली मर्यादा आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबल अशी आहे, आणि पातळी तीन डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मी होते. गाणाऱ्याचा कान हा त्याचा गळ्याइतकाच मोलाचा अवयव आहे. त्या रात्रीपासून मी एक नियम केला: शांत खोलीत एकदा अ‍ॅम्पच्या बटणाची जागा ठरवायची, तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि तिच्या पुढे बटण न्यायचे नाही. ऐकू येत नसेल तर ऐकणे थांबवायचे.

त्यामुळे उन्हाळ्यात माझे ऐकणे पहाटेवर गेले. सव्वाचारला उठायचे, हॉलमधला कूलर बंद करायचा, खिडक्या उघडायच्या. त्या वेळी हवा थोडी सुसह्य झालेली असते. साडेपाचला सोसायटीची पाण्याची मोटर सुरू होते, म्हणजे माझ्या हाती सव्वा तास असे. रात्री यमन आणि बागेश्री ऐकण्याची सवय असलेली मी त्या अडीच महिन्यांत ललत, रामकली, भैरव आणि तोडी यांच्याच सहवासात राहिले. ललतातले दोन मध्यम मला शिकताना नेहमी चकवत असत. शुद्ध मध्यमावरून तीव्र मध्यमावर जाताना गायक मध्ये किती थांबतो, कुठे नुसता स्पर्श करतो, हे मी रोज पहाटे एकाच मुद्रणावर ऐकले आणि मे संपता संपता गुरूंनी शिकवणीत विचारले की ललतावर घरी काय मेहनत केली. पाच वाजता समोरच्या कडुनिंबावर कोकीळ ओरडू लागतो. त्याचा आवाज जाळीतून इतका सहज आत येतो की तो मुद्रणात आहे की झाडावर, हे कळायला हेडफोन उतरवावा लागतो.

घाम आणि धूळ यांचाही विचार करावा लागला. गाद्यांचे कापड मऊ मायक्रोफायबरचे आहे आणि ते घाम शोषते. ऐकून झाल्यावर किंचित ओलसर सुती कापडाने मी त्या पुसते आणि पंख्याखाली वाळू देते. वरून सुती अभ्रा घालून पाहिला, पण त्याने कान आणि ड्रायव्हर यांतले अंतर बदलले आणि वरचे स्वर बोथट झाले, म्हणून तो काढून टाकला. उन्हाळ्यातली लालसर धूळ जाळीत बसते. ती चित्रकलेच्या मऊ ब्रशाने, जाळी खाली धरून झाडायची, फुंकर मारायची नाही. पावसाळ्यात तो सिलिका जेलच्या पुड्या घालून झाकणाच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात राहतो.

एका बाबतीत या हेडफोनाचा मला फारसा लाभ झाला नाही, तेही नोंदवते. माझ्याकडच्या साठ्यातला निम्म्याहून अधिक भाग मोनो आहे: आकाशवाणीच्या कॅसेटी, जुन्या तबकड्यांवरून उतरवलेली गाणी. मोनोमध्ये दोन्ही कानांना एकच ध्वनी जातो, म्हणून कितीही रुंद मांडणी करणारा हेडफोन असला तरी गायक मध्यभागीच बसतो. जागेची जी किमया मी मुंबईत ऐकली, ती तिथे लागूच होत नाही, उलट कॅसेटचा खरखराट अधिक स्पष्ट होतो. काही जुन्या स्टिरिओ मुद्रणांत तर तबला पूर्ण उजवीकडे आणि तानपुरा पूर्ण डावीकडे टाकलेला असतो. स्पीकरवर डावीकडचा आवाज थोड्या उशिरा उजव्या कानालाही पोहोचतो, हेडफोनात तो पोहोचत नाही, आणि एकाच कानात थाप पडत राहिली की बेचैनी येते. यावर क्रॉसफीड नावाची सोय संगणकातल्या वादनाच्या प्रोग्राममध्ये असते, जी दोन्ही बाजूंचा थोडा अंश एकमेकांत मिसळते. ती मी तेवढ्या मुद्रणांपुरती लावते. मोनो मुद्रणे मात्र मी आता पुष्कळदा एका साध्या छोट्या स्पीकरवर, आईंच्या सोबत, दुपारी ऐकते.

मुंबईत असताना मी तिथल्या मुलाला सुट्या भागांविषयीही विचारले होते, कारण झेनहायझरचा ग्राहकांसाठीचा विभाग २०२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सोनोव्हा या श्रवणयंत्रे बनवणाऱ्या समूहाकडे गेला. गाद्या आणि वायरी मिळत राहतात असे त्याने सांगितले होते. त्याचा पडताळा मला पुढे आला. दीड वर्षाच्या वापराने गाद्या दबल्या, कान ड्रायव्हरच्या जवळ गेला आणि स्वर किंचित तीक्ष्ण लागू लागले. नव्या गाद्या मागवल्या, त्या आठ दिवसांत आल्या आणि दोन्ही बाजूंच्या मिळून दहा मिनिटांत बसल्या. पहिल्या दिवशीची ती मोकळी जागा पुन्हा परतली.

ऑक्टोबरच्या शेवटी पतींनी कूलर खिडकीतून उतरवला, टाकीतले पाणी काढले, ताट्या उन्हात वाळवून बाजूला ठेवल्या आणि सगळा सांगाडा ताडपत्रीत गुंडाळून गच्चीच्या जिन्याखाली ठेवला. मुलगा क्लासला गेलेला होता. आईंनी देवाजवळ दिवा लावला आणि त्या आत जाऊन पडल्या. मी हॉलमध्ये बसले, बटण पेन्सिलीच्या खुणेवर आणले आणि सहा महिन्यांनी संध्याकाळचा पूरिया लावला. पहिल्या मंद्र निषादाच्या आधी गायकाने घेतलेला श्वास ऐकू आला.